बार्बेक्यू नव्हे, भरीत

परवा गोल बाजारात वांग्यांचा ढीग दिसला आणि माझी पिशवी आपोआप उघडली. वांगी काय, बारा महिने मिळतात. पण ही वेगळी. मोठी, जांभळी, तुकतुकीत आणि आकाराच्या मानानं हातात हलकी. जड वांग्यात बिया फार, हे मला कोणी शिकवल्याचं आठवत नाही. आमच्याकडच्या पोरी ते पोटातूनच शिकून येत असाव्यात. विकणारी बाई माझा हात बघून म्हणाली, "घ्या ना बाई. भाजीचे नाई, भाजाचे वांगे हाय."

भाजीचे आणि भाजाचे. एका वेलांटीचा फरक, पण आमचा सगळा हिवाळा त्या फरकात बसतो. घरी येईपर्यंत पिशवी नाकाशी धरून मी चालले होते. कच्च्या वांग्याला काही वास नसतो, हे ठाऊक असूनही.

बाहेरगावच्या लोकांना चंद्रपूर म्हटलं की ऊन आठवतं. खोटं कसं म्हणू? मे महिन्यात दुपारी इथं जो बाहेर पडेल त्याला भाजायला वेगळी शेगडी लागत नाही. म्हणून तर आम्हाला थंडीचं कौतुक जास्त. ती येते उशिरा, राहते थोडी, पण तेवढ्या दिवसांत आम्ही उकाड्याचा सगळा सूड उगवून घेतो. गरज नसताना स्वेटर घालतो, मफलरी गुंडाळतो, सकाळी उन्हाच्या पट्ट्यात खुर्च्या सरकवत बसतो. आणि भाजतो. तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, रताळी, कांदे, हाती लागेल ते. आणि सगळ्यांच्या वर वांगं. "आगीतून निघून फुफाट्यात" ही म्हण ज्यानं केली त्यानं आयुष्यात भरीत खाल्लेलं नसावं. वांग्याला विचारा, फुफाट्यात पडणं म्हणजे काय सुख असतं.

गेल्या वर्षी याच दिवसांत आमच्या इमारतीच्या जिन्याखालच्या फळ्यावर एक सूचना लागली. "सर्व सभासदांना कळविण्यात येते की, बाल्कनीमध्ये बार्बेक्यू करण्यास सक्त मनाई आहे." खाली सचिवांची सही, शिक्का. आमचे सचिव म्हणजे चौधरी साहेब. कोरपन्याकडच्या एका सिमेंट कारखान्यात सेफ्टीचं काम करून निवृत्त झालेले. माणूस सोन्यासारखा, फक्त कुठंही भिंत मोकळी दिसली की त्यांना तिथं सूचना लावावीशी वाटते. मुलगा हैदराबादला मोठ्या सोसायटीत राहतो. तिकडची नियमावली त्यानं पाठवली आणि साहेबांनी ती जशीच्या तशी मराठीत उतरवली. त्यामुळं बार्बेक्यूच्या खालोखाल असंही लिहिलेलं होतं की, तरणतलावात काचेची भांडी नेऊ नयेत. आमच्या नळाला दिवसाआड पाणी येतं. तरणतलाव सोडा, बादली भरली तरी आम्ही एकमेकींना हाक मारून सांगतो.

सूचना सगळ्यांनी वाचली. सगळ्यांनी माना डोलावल्या. चांगलंच झालं, म्हणाले, असले थेर आपल्याकडं नकोतच. बार्बेक्यू म्हणजे ते, टीव्हीत असतं ते. लोखंडी जाळी, हातभर लांब चिमटा, पोटाला फडकं बांधलेला गोरा माणूस. त्याच्यावर बंदी आली म्हणून आमचं काय जाणार होतं? आम्ही कुठं बार्बेक्यू करतो? आम्ही तर वांगं भाजतो.

त्याच सुमारास बाबा माझ्याकडं राहायला आले होते.

आमचं गाव कुरखेड्याच्या पुढं, धानाच्या बांध्यांमधलं. पावसाळ्यात आई गेली. दिवाळी होईपर्यंत काकांनी बाबांना सांभाळलं, मग मी जाऊन त्यांना घेऊन आले. मी शाळेत भूगोल शिकवते, एकटी राहते. चौथ्या मजल्यावरचा माझा फ्लॅट मला तोवर पुरेसा वाटायचा. आई गेल्यावर तो फार मोठा वाटायला लागला होता. बाबा आले की दोघांचंही भागेल, असा माझा सरळ हिशेब. पण बाबा आले ते नुसते अंगानं आले. सकाळी बाल्कनीत बसायचे, संध्याकाळी तिथंच बसलेले सापडायचे. रस्ता बघायचे. जेवायला बोलावलं की यायचे, चार घास खायचे, ताटाला नमस्कार करून उठायचे. काकांचा फोन आला, मळणीचा विषय निघाला की मात्र आवाज जरा चढायचा. "येतो ना गा. धान चुरून होऊ दे, मंग येतोच मी," असं ते म्हणायचे आणि मी स्वयंपाकघरात उगाच भांडी वाजवायचे. ते परत गेले तर तिथल्या रिकाम्या घरात आईच्या बाजेकडं बघत बसतील, हे मला दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर, ते मला हवे होते. माझ्या घरात कोणीतरी खोकावं, कोणीतरी "बाई, दार कोणी वाजवून राह्यलं" असं ओरडून सांगावं, एवढं मला हवं होतं.

त्यांना आवडेल म्हणून मी भरीत केलं. गॅसवर जाळी ठेवून, वांग्याला तेलाचा हात लावून, अगदी मन लावून. बाबांनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, "चांगलं हाय." कोणाच्या तरी पाहुण्याच्या लग्नाचा अल्बम बघून आपण म्हणतो ना, तसं.

"काय कमी झालं?" मी विचारलं.

"कमी काई नाई, बाई. गॅसवर वांग्याचं साल जळते. वांगं नाई भाजत."

मग मीच एका रविवारी डबा बांधला आणि त्यांना आमच्या भागातल्या बागेत घेऊन गेले. कोवळं ऊन, पोरांचा गलका, झोपाळ्यांची कुरकुर. बाबा फाटकाजवळचा फलक सावकाश वाचत उभे राहिले. उद्यानात शेकोटी पेटवणे, स्वयंपाक करणे, बार्बेक्यू करणे दंडनीय आहे. वाचून झाल्यावर आत आले, बदामाच्या झाडाखाली बसले आणि मी सतरंजी झटकत होते तेवढ्यात त्यांनी पाला गोळा केला. कोटाच्या खिशातून दोन वांगी निघाली. घरून ती कधी उचलली, मला पत्ता नाही.

शिट्टी वाजली. बागेचा रखवालदार लगालगा आला.

"ओ बाबाजी! काय करून राह्यले?"

"वांगं भाजून राह्यलो."

"बोर्ड नाई वाचला काय?"

"वाचला ना. बार्बेक्यू लिवलं हाय. थे मी नाई करत."

"सयपाक करू नये, थे पण लिवलं हाय."

"सयपाक घरी होते गा. हे त नुसतं भाजणं हाय."

रखवालदार सिरोंच्याकडचा होता. त्याच्या मराठीला तेलुगूचा हेल होता आणि चिडला की तो जास्तच लांबायचा. पण तो चिडला नाही. खाली बसला आणि बाबांना समजावून सांगू लागला की हा सगळा सुकलेला पाला आहे, वारा सुटला तर बाग जाईल आणि बागेच्या आधी त्याची नोकरी जाईल. बाबांनी ऐकून घेतलं. मग मान वळवून त्याच्या खोपटाकडं बघितलं. खोपटामागून निळा धूर वर चढत होता.

"मंग थे काय होय?"

"थे ड्युटीची शेकोटी हाय."

दोघं एकमेकांकडं बघत राहिले आणि एकदम हसायला लागले. बाबा मांडीवर थाप मारून हसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदा. मला तिथंच त्या सिरोंच्याच्या माणसाला डब्यातल्या सगळ्या पोळ्या देऊन टाकाव्याशा वाटल्या, आणि जवळजवळ तेवढ्या दिल्याच. वांगी त्यानं भाजू दिली नाहीत. नियम म्हणजे नियम. पण शेकायला बसवलं, गोदावरीतली मासोळी पानात गुंडाळून कशी भाजतात ते सांगितलं. बाबांनी मग आमच्या तलावातली मासोळी कशी भाजतात ते सांगितलं. तासभर दोघं न पकडलेले मासे खात बसले.

येताना बाबा रस्त्यात थांबले आणि एका दुकानातून लोखंडी घमेलं विकत घेतलं.

आणि तिथून आमच्या बाल्कनीचा हिवाळा सुरू झाला. घमेल्यात खाली राख, वर गोवरीचे तुकडे, त्यावर तुऱ्हाट्यांचं जुळवलेलं घरटं. तुऱ्हाट्या म्हणजे तूर काढल्यावर उरलेल्या काटक्या. त्या ते बाजारात येणाऱ्या शेतकऱ्याकडून मागून आणायचे, गोवऱ्या पलीकडच्या गवळ्याकडून. मला वाटायचं पेटलं की भाजायचं. बाबा हात धरायचे. "थांब. आर पडू दे." आर म्हणजे निखारे. जाळ नाचून, दमून खाली बसला, लाकडाचा तांबडा आर झाला, त्यावर राखेची पांढरी साय धरली, की मग वांगं. मग ते उलटायचं नाही, टोचायचं नाही, बघायचंसुद्धा जास्त नाही. थोड्या वेळानं त्याचं पोट सुटतं, शीळ वाजल्यासारखी बारीक वाफ येते आणि तो वास उठतो.

तो वास मला कुठल्या कुठं नेतो. धान चुरायच्या दिवसांतलं खळं. बैल थांबलेले, भाताच्या तणसाचे ढीग, अंगाला टोचणारी कुसळं, आणि त्या सगळ्याच्या मधोमध आई. ती फुफाट्यातलं वांगं हातानं काढायची. चिमटा नाही, काडी नाही. सरळ हात घालायची, वांगं या हातातून त्या हातात नाचवायची आणि फूं फूं करत ताटात टाकायची. हात भाजला की कानाच्या पाळीला लावायची. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, जाडं मीठ. तांदळाच्या भाकरीवर ते भरीत पडलं की भाकरीचा तेवढा भाग ओला होऊन जांभळट व्हायचा आणि तो भाग कोणाचा, यावर आम्हा भावंडांत मारामारी. आता भावंडं गडचिरोलीपासून नागपूरपर्यंत पांगली. जांभळट भाग सगळा माझा, आणि भांडायला कोणी नाही.

बाबा दोन भाकरी खायला लागले. मग दोनावर कोर. बोलायलाही लागले. वास काही एका बाल्कनीत थांबत नाही, तो जिन्यानं खाली उतरला. आधी तिसऱ्या मजल्यावरून वाटी आली. तिथं वैशाली राहते, बँकेत आहे, तेव्हा तिला नुकतंच बाळ झालेलं होतं. मी वाटीत भरीत घालून दिलं. वाटी रिकामी परत करायची नसते, म्हणून तिच्याकडून तिळाची चटणी आली. मग माझी वाटी गेली. आठवड्याभरात इमारतीत इतक्या वाट्या फिरायला लागल्या की कोणाची कुठं आहे हे कोणालाच कळेना. लोक स्वतःची वांगी घेऊन यायला लागले. राखेत गेल्यावर सगळी वांगी सारखी, म्हणून बाबांनी देठावर खुणा करायला सुरुवात केली. वैशालीची एक चीर, खालच्या मास्तरांच्या दोन. तरी अदलाबदल व्हायचीच, आणि ज्याला दुसऱ्याचं वांगं गेलं तो चार दिवस म्हणायचा की आपलं जास्त चांगलं होतं.

बाबांचं बघून इतरांनाही धीर आला, असं मी म्हणाले असते. पण खरी गोष्ट अशी निघाली की धीर सगळ्यांना आधीपासूनच होता. चौधरी साहेब एका सकाळी धुराचा माग काढत तपासणीला निघाले. पहिल्या मजल्यावर अंघोळीचं पाणी तापवायला बंब पेटलेला. "हा काय बार्बेक्यू होय का साहेब?" दुसऱ्यावर मास्तरांच्या आईनं पापड भाजायला शेगडी मांडलेली. तिसऱ्यावर वैशालीच्या आईनं बाळंतिणीला आणि बाळाला शेक द्यायला ओव्याची धुरी केलेली. चौथ्यावर आम्ही, उघडउघड. साहेब घाम पुसत स्वतःच्या घरी पोचले तर त्यांच्याच बाल्कनीत चौधरीबाई विटांच्या चुलीपुढं बसून वांगं परतत होत्या.

"सूचना मी लावली ना वं!" साहेब ओरडले. चिडले की त्यांचं सरकारी मराठी गळून पडायचं आणि कोरपना बाहेर यायचा.

"लावली ना. बार्बेक्यूची लावली," बाई म्हणाल्या. "मी त भरीत करून राह्यली तुमच्यासाठी. का नोको?"

साहेब जेवले. भरीत दोनदा वाढून घेतलं, असं बाईंनीच आम्हाला सांगितलं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण वाऱ्याला कुठं ठाऊक होतं की आमचं हसणं चाललंय? एका दुपारी बाबा तुऱ्हाट्या पेटवत होते, मी शाळेतून नुकतीच आले होते, आणि एकदम वावटळ उठली. घमेल्यातला जाळ आडवा झाला. काही ठिणग्या कठड्याबाहेर उडाल्या. मी पाणी आणायला धावले, वारा पडला, जाळ सरळ झाला आणि आम्हाला वाटलं, संपलं.

थोड्या वेळानं वैशाली वर आली. तिच्या हातात बाळाचं दुपटं होतं. तिनं आवाज चढवला नाही, तिला चढवताच येत नसावा.

"काकाजी, हे पाहा. वाळू घातलं होतं."

दुपट्याच्या मधोमध भोक पडलेलं होतं. कडा काळ्या. बाबांनी ते हातात घेतलं आणि भोकातून एक बोट आरपार घातलं.

"बाळ कुठी होतं?" त्यांनी विचारलं.

"आत होतं, झोपलेलं. त्याले काई नाई झालं."

बाबा उठले. बादली उचलली आणि सगळं पाणी घमेल्यात ओतलं. सूं करून वाफेचा लोट उठला, ओल्या राखेचा कडवट वास घरभर पसरला. वांगी त्यात अर्धी कच्ची तरंगत होती.

"बाई, नियम बरोबर हाय," ते मला म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी पिशवी काढली. दोन सदरे, धोतर, चष्म्याचं घर. "मी जातो गावाले. इथी माह्या जोगतं काम नाई. उगा तुले ताप."

मी चिडले होते. चौधरी साहेबांवर, हैदराबादवर, वाऱ्यावर, चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेणाऱ्या माझ्यावर. पण नियमावर चिडता येत नव्हतं. चुकीच्या नियमाशी माणूस भांडू तरी शकतो. बरोबर नियमापुढं काय करायचं? "रविवारपर्यंत थांबा, मी बसस्टँडवर सोडून देते," एवढंच म्हणाले आणि आत जाऊन पोळ्या लाटायला घेतल्या. त्यातली एकही गोल झाली नाही.

रविवारी सकाळी साहेबांनी पार्किंगमध्ये सगळ्यांची सभा बोलावली. दुपट्याची हकीकत कळल्यावर त्यांनी फळ्यावरचं "बार्बेक्यू" खोडलं होतं आणि स्वच्छ अक्षरात नवी सूचना लिहिली होती. ती त्यांनी वाचून दाखवली. "बाल्कनीत काहीही भाजू नये."

आणि मग जो गदारोळ उठला! इतके दिवस बार्बेक्यूवर बंदी होती तेव्हा कोणी हूं की चूं केलं नव्हतं. आता भाजण्यावर आली म्हणताच पहिल्या मजल्यापासून वरपर्यंत सगळे एकदम बोलायला लागले. हे कसं? वांगंबी नाई? अन् पापड? आयुष्यात पहिल्यांदा साहेबांची एखादी सूचना लोकांना नीट समजली होती, आणि ते घाबरून गेले होते.

बाबा माझ्या शेजारी खुर्चीवर बसलेले. त्यांनी हात वर केला. सगळे त्यांच्याकडं वळले.

"साहेबाचं बरोबर हाय," बाबा म्हणाले. "गावातबी आमी छपराखाली आर नाई ठेवत. मी इथी येऊन भुललो. उघड्यावरची गोष्ट उघड्यावरच बरी."

साहेबांनी त्यांच्याकडं असं बघितलं, जसं बुडणारा काठाकडं बघतो. सभा तिथंच संपली असती. पण वैशाली उभी राहिली. बाळ तिच्या खांद्यावर होतं.

"थे बरोबर. पण मंग आपण भरीत कुठी भाजाचं?"

"गॅसवर," साहेब म्हणाले.

"तुम्ही खासान का गॅसवरचं?" चौधरीबाईंनी मागून विचारलं. साहेबांनी कारखान्यात कित्येक वर्षं आगीच्या प्रश्नांना उत्तरं दिली असतील. हा प्रश्न आला तसे ते खिशातला रुमाल शोधायला लागले.

मग कोणीतरी म्हणालं, मागची जागा आहे की. इमारतीच्या मागं, कुंपणाच्या भिंतीजवळ, बांधकामातली उरलेली रेती अजून पडलेली होती. वर तारा नाहीत, जवळ झाड नाही. साहेब उठले आणि तिकडं चालायला लागले, आणि त्यांच्या मागून आम्ही सगळे. तिथं पोचल्यावर त्या माणसाच्या अंगात जणू कारखाना संचारला. इथून सिलेंडर किती लांब, वारा कुठून येतो, पाण्याची बादली कुठं, लहान पोरं कुठपर्यंत यायची, सगळं चालत चालत सांगत होते आणि डोळे चमकत होते. रविवारी, उजेडात, सगळ्या घरांची मिळून एकच आगटी. बाल्कनीत मात्र काही नाही, अगरबत्तीपुरतं सोडून.

"अन् आर पुरता विझेपर्यंत एक माणूस तिथून हलला नाई पाह्यजे," साहेब थांबून म्हणाले. "आग पेटवाले सगळेच येते. विझेपर्यंत कोण बसन?"

सगळ्यांना एकदम कामं आठवली. कोणाची ड्युटी, कोणाची शिकवणी, कोणाचं बाळ. मास्तर घड्याळात बघायला लागले. मी रेतीकडं बघत राहिले. मान वर केली असती तर माझी नजर बाबांकडं गेली असती, आणि त्या नजरेत काय आहे ते त्यांना कळलं असतं. त्यांनी थांबावं हे मला मागून घ्यायचं नव्हतं. त्यांना स्वतःहून हवं असेल तरच.

तेवढ्यात बाबांनी वाकून मूठभर रेती उचलली आणि बोटांतून गळू दिली.

"बसन मी," बाबा म्हणाले.

"पण भाऊ," साहेब म्हणाले, "तुमी त आज गावाले जाऊन राह्यले ना?"

"जाईन ना. एवढा रविवार होऊ द्या."

तो रविवार असा झाला. बाबांनी मास्तरांना रेती सारखी करायला लावली. चौधरी साहेब पऱ्हाट्यांचा भारा घेऊन आले, म्हणजे कापसाच्या काटक्यांचा. बाबांनी तुऱ्हाट्या आणलेल्या. मग धानवाल्या बाबांचं आणि कापूसवाल्या साहेबांचं जे जुंपलं! पऱ्हाटीचा आर टिकतो का तुऱ्हाटीचा, यावर दोघांनी एकमेकांच्या तालुक्याचा उद्धार केला. शेवटी दोन्ही पेटवल्या आणि दोघंही आपलीच जिंकली असं समजून बसले. भिंतीवर ऊन, भिंतीखाली माणसं. पोरं तुरीच्या शेंगा राखेत टाकत होती आणि फट्ट आवाज झाला की किंचाळत होती. वैशालीच्या आईनं बाळ लांबून, अगदी लांबून, शेकोटी दाखवायला आणलं. वांग्यांच्या खुणा कोणाच्याच लक्षात राहिल्या नाहीत, म्हणून सगळी एकाच परातीत कुस्करली. परातीला चारही बाजूंनी हात लागले. मिरची इतकी होती की डोळ्यांतून पाणी, आणि कोणी परात सोडायला तयार नाही. मी भाकऱ्या थापत होते आणि मला इतका आनंद झाला होता की एक भाकरी तव्यावरच विसरले.

हळूहळू सगळे वर गेले. बाबा बसून राहिले, पुढ्यात बादली घेऊन. मी खिडकीतून बघितलं तेव्हा साहेबही स्टूल घेऊन त्यांच्या शेजारी बसले होते. देखरेखीवर देखरेख म्हणून असेल. दोघं मिळून राख बघत होते.

पुढच्या आठवड्यात मी विचारलं, "बाबा, गावाला कधी?" म्हणाले, "जाईन ना. एवढा रविवार होऊ दे." त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. मग मी विचारणं सोडून दिलं. होळी झाली, ऊन चढलं, मागच्या रेतीवर अंडं टाकलं तर आमलेट व्हावं असे दिवस आले. शेकोटी कधीच बंद झाली होती आणि बाबा साहेबांबरोबर जिन्यात बसून पत्ते खेळत होते. भिंतींवरच्या सूचनाही जरा कमी झाल्या. साहेबांना वेळ नसावा.

आणि आता पुन्हा थंडी आली आहे. परवाची वांगी मी आणून टेबलावर ठेवली तेव्हा बाबांनी एकेक उचलून वजन बघितलं. दोन बाजूला काढली. "ह्या दोनात बिया हाय. तुले कोणी शिकवलं वो वांगे घ्याले?" मी ती दोन पिशवीत परत टाकली. माझा अभिमान एका मिनिटात उतरवणारा माणूस घरात असणं, हेही सुखच आहे.

तेवढ्यात काकांचा फोन आला. फोन कानाला धरून बोलणं बाबांना जमत नाही म्हणून ते स्पीकर लावतात आणि मग सगळी इमारत ऐकते. तिकडं धान चुरायला घेतलं होतं. मागं बैलांना हाकारे घातलेले ऐकू येत होते. काकांनी सगळं सांगितलं, कोणाचं लग्न ठरलं, तलावात पाणी किती, मासोळी कशी लागली. बाबा हातातलं वांगं फिरवत ऐकत होते. मग काकांनी विचारलं,

"तू घरी कवा येतं गा?"

"घरीच त हाओ मी," बाबा म्हणाले. "तू कवा येतं, थे सांग."